अठरा कडव्यांचं बुडणं

आत्याची नवीकोरी लाँच दहा वाजता पहिल्या फेरीला सुटणार होती आणि पावणेदहाला बँडवाल्यांचा फोन आला, की ट्रंपेटवाल्याचा ओठ सुजलाय.

"झालं! आता काय मी शिट्ट्या मारू?" आत्या करवादली.

"आत्या, मी आहे ना!" भोंगा म्हणाली. भोंगा म्हणजे तिची नववीतली भाची. नाव वर्गाने ठेवलं होतं, आवाज ऐकून. "आमच्या गायनपथकाच्या सातही जणींना आणते. गाणं तयार आहे, तेही जहाजावरचं!"

"जहाजावरचं? मग तर प्रश्नच मिटला!"

आत्याने पुढे काही विचारलं नाही, आणि इथेच माती खाल्ली.

हिमनगाला धडकून बुडालेल्या त्या प्रसिद्ध जहाजावर देशोदेशी ढीगभर गाणी झाली आहेत, असं वाचून सातजणींनी स्वतःचंही एक रचलं होतं. चांगली अठरा कडवी! आणि संगीताच्या बाईंचा दंडक असा, की सुरू केलेलं गाणं मध्येच सोडायचं नाही. छत कोसळलं तरी नाही.

आत्याचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. आज बंदरखात्याचे साहेब लाँचवर होते. फेरी त्यांच्या मनासारखी झाली तर परवाना, नाहीतर लाँच धक्क्यालाच बांधून ठेवायची. साहेबांना इंजिन आवडलं, रंग आवडला, बाकंसुद्धा आवडली. घोडं अडलं ते जाकिटांवर. चाळीस प्रवासी होते, तरंगणारी नारिंगी जाकिटंही होती सगळ्यांपुरती, पण अंगात एकाच्याही नव्हतं.

"अहो काका, घाला ना," आत्या सुकाणूवरून पुढच्या बाकावरच्या एका प्रवाशाला ओरडून म्हणाली.

"उकडतंय गं! आणि खाडी ती केवढी! पलीकडचा शिंकला तर इकडे ऐकू येतं." काकांनी जाकिटाची मस्त घडी केली आणि बुडाखाली घेतली.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. घाबरून आत्याने भोंगाला खूण केली, की कर बाई सुरू, तेवढीच करमणूक.

"डौलात निघाली नगरी तरंगती,
दिव्यांच्या उजेडात नाचगाणी रंगती!"

टाळ्या! काका तर मान डोलवायला लागले. पाचव्या कडव्यात ती मान थांबली.

"काळोख्या पाण्यात उभा पांढरा काळ,
कप्तान म्हणे, बघू उद्या सकाळ!"

सगळ्यांनी एकदम कप्तानाकडे, म्हणजे आत्याकडे पाहिलं. आत्या हसली. ते हसणं कोणालाच आवडलं नाही.

नवव्या कडव्यात होड्या कमी पडल्या. प्रवाशांतल्या एक चष्मेवाल्या बाई ताडकन उठल्या. "ऐका हो, आपल्याकडे होड्या किती आहेत?"

"एकच," साहेब म्हणाले. "आपण बसलोय ती."

काकांनी बुडाखालचं जाकीट ओढलं, गडबडीत उलटं घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग काय, सगळी लाँच नारिंगी होत गेली. आत्याने मुलींना थांबवायला गळ्यावरून आडवा हात फिरवला. भोंगाला वाटलं, आत्या बुडणाऱ्यांचा अभिनय करून दाखवतेय! केवढं प्रोत्साहन! तिने आवाज आणखी चढवला.

चौदाव्या कडव्यात जहाज मधोमध तुटलं आणि नेमकी त्याच क्षणी लाँच पलीकडच्या धक्क्याच्या टायरांवर धप्पकन आपटली.

"बुडालो!" चाळीस जण किंचाळले. काकांनी साहेबांना मिठी मारली. साहेबांनीही काकांना मारली.

मग सगळ्यांना जमीन दिसली. मुली मात्र पंधराव्या कडव्यात होत्या.

आत्या पडेल चेहऱ्याने म्हणाली, "उतरा मंडळी. चुकलं माझं."

कोणी हललं नाही.

"शूऽऽ!" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "ती तान्हं बाळ घेऊन लाटांत पडलेली बाई वाचते की नाही?"

"अजून तीन कडवी आहेत," भोंगा दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हणाली.

"मग परत फिरवा की लाँच!" काका ओरडले.

साहेबांनी मिठी सोडवून घेतली, कॉलर नीट केली आणि वही उघडली. "इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच बघतोय. चाळीसच्या चाळीस प्रवाशांनी जाकिटं घातलीत, सातही गायिकांनी घातलीत, मीसुद्धा घातलंय." ते आत्याकडे बघत थांबले. "पण सही नाही करता येत. एक माणूस राहिलाय."

"कोण?" आत्याने खवळून सगळी बाकं नजरेने धुंडाळली. "कोण आहे तो शहाणा? अजून घालत नाही म्हणजे काय!"

सातही जणींनी गाणं न थांबवता तिच्याकडे बोट दाखवलं.