हद्द कुणाची?

आमच्या जुन्नरच्या कोर्टात शेळी चोरीला गेल्याचं प्रकरण आलं, तरी अत्तारवकील पक्षकाराला पहिला प्रश्न विचारायचे, "हद्द कुणाची?"

एकदा आणे पठारावरून एक मेंढपाळ आला. बिचारा सकाळपासून उपाशी. अत्तारसाहेबांनी त्याला बाकावर बसवला आणि विचारलं, "शेळी गेली ती गायरानातून की कुणाच्या शेतातून?"

"गायरानातनं, साहेब."

"म्हणजे जागा सगळ्यांची, मालक कुणीच नाही. बरं. नेणारा तुझ्याच वाड्यावरचा की परका?"

"त्ये म्हाईत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो? गाभण व्हती वो शेळी!"

बाररूममध्ये हशा पिकला. अत्तारसाहेबांनी मात्र शांतपणे त्या मेंढपाळाला समुद्रातल्या चाचेगिरीचा कायदा समजावून द्यायला सुरुवात केली. नाणेघाटाच्या टोकावर टाचा उंचावून उभं राहिलात तरी समुद्र दिसत नाही, अशा तालुक्यात! आळे गावातल्या एका बांधाच्या दाव्यात ते असेच भर समुद्रात शिरले, तेव्हा जज्जसाहेब वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, आता जरा बांधावर या." त्या दिवसापासून लोक त्यांना आरमारवकील म्हणू लागले.

मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर वकिली करायचो. त्यामुळे हा विषय मला रोज चहाबरोबर मिळे. "भाऊसाहेब, मजा बघा," ते म्हणायचे. "आपला कायदा चाचेगिरीला गुन्हा म्हणतो, पण चाचेगिरी म्हणजे काय, ते सांगत नाही. सगळी राष्ट्रं जिला चाचेगिरी मानतात ती चाचेगिरी, एवढं म्हणून मोकळा होतो. व्याख्या उसनी! पण एकदा का ती लागू पडली, की जहाज कुणाचंही असो, माणूस कुठलाही असो, ज्या देशाच्या हाती लागेल त्यानं खटला चालवावा. मग हद्द विचारायची नाही!"

हे वेड कुठून आलं, ते हसणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी हसायचे, मेले. अत्तारसाहेबांचा एकुलता एक मुलगा यासीन मुंबईहून एका परदेशी मालाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. भर समुद्रात त्याच जहाजावरच्या तिघा परदेशी खलाशांनी बाकीच्यांना लुटलं. यासीन आडवा आला, तर त्याला उचलून पाण्यात टाकलं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला त्याचा सोबती मुद्दाम जुन्नरला येऊन सांगून गेला. कप्तानाने मात्र 'पाय घसरून पडला' म्हणून हात झटकले.

अत्तारसाहेब मुंबईला गेले. पोलीस म्हणाले, जहाज आपलं नाही, मारणारे आपले नाहीत, समुद्र आपला नाही. ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर होता, त्या देशाच्या कचेरीतल्या साहेबाने त्यांना उभ्याउभ्याच वाटेला लावलं. माझं ऐकाल, तर त्या साहेबाला आमच्या कुकडीत बुडवायला हवा होता. पण बुडवतोय कोण? आम्ही पडलो कायद्याची माणसं.

तेव्हापासून अत्तारसाहेबांचा एकच ध्यास. ही चाचेगिरी ठरली, तर मुंबईच्या हायकोर्टाला हद्दीची सबब सांगता येणार नाही. "लूट आहे, खून आहे, भर समुद्र आहे. आणखी काय पाहिजे हो?" ते मला विचारायचे. मी म्हणायचो, "काही नको." मलाही तसंच वाटायचं.

मग परदेशात कुठंशी देशोदेशीचे जाणते जमले आणि त्यांनी समुद्राचे कायदे एकदाचे लिहून काढले. अत्तारसाहेब पुण्याला जाऊन त्यातला चाचेगिरीचा मजकूर घेऊन आले. चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होते. "तुम्हीच वाचा," म्हणाले.

मी वाचून मराठीत सांगू लागलो. खासगी स्वार्थासाठी, एका जहाजावरच्या लोकांनी, भर समुद्रात, दुसऱ्या जहाजावर...

"दुसऱ्या?"

"हो."

"परत बघा."

मी परत पाहिलं. दुसऱ्याच. आपल्याच जहाजावरच्या सोबत्याला लुटून समुद्रात फेकलं, तर ती चाचेगिरी नव्हे. माझं डोकंच फिरलं. "अहो, सगळं जग जमलं होतं ना तिथं? मग एकाच्याही मनात आलं नाही, की अशा पोराच्या बापाने जायचं कुठं?" मी टेबलावर मूठ आपटली. बाररूममध्ये तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

अत्तारसाहेबांनी कागदाची घडी केली. "व्याख्या त्यांची, भाऊसाहेब. त्यांनी ती आवळली. आपण काय करणार?"

त्यांच्यात माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी फातेहा पढून लोकांना जेवू घालतात. यासीनचा चाळिसावा अत्तारसाहेबांनी केलाच नव्हता. बायकोने विनवलं, मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं, यांचं उत्तर एकच, "प्रकरण अजून चालू आहे." चाळीस दिवस उलटून वर्षं लोटली, तरी प्रकरण चालूच होतं. आणि आता पुण्याहून आल्यावर आठवडाभरात ते माझ्या घरी आले नि दारातूनच म्हणाले, "शुक्रवारी जेवायला या. यासीनचा चाळिसावा आहे."

गेलो. अख्खी बाररूम आली होती, माना खाली घालून जेवत होती. अत्तारसाहेब स्वतः वाढत होते. कायद्याचा एक शब्द नाही. "घ्या ना, राव, संकोच करू नका," एवढंच. आतून त्यांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. इतकी वर्षं तिला मोकळेपणी रडूही दिलं नव्हतं या माणसाने.

निघताना ते मला ओट्यापर्यंत सोडायला आले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, फिर्याद न नोंदवताच पोराला निरोप दिला मी. रागावेल का हो तो माझ्यावर?"

मी वाकून चपला शोधत राहिलो. त्या समोरच होत्या.