सुट्टीवर आलेले परब

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये परब राहतात. त्यांच्या फ्रीजमधल्या अंड्यांवर बॉलपेनने 'परब' असं लिहिलेलं असतं. दुधाच्या पिशवीवर असतं, दह्याच्या डब्यावर असतं, एकदा मी ते अर्ध्या भोपळ्याच्या सालीवरही पाहिलंय. घरात माणसं दोन. एक परबभाऊजी आणि दुसरी त्यांची बायको सुलभा, माझी मैत्रीण. तीही लग्न झाल्यापासून परबच आहे.

पहिल्यांदा ते अंडं माझ्या हातात आलं तेव्हा मी सुलभाला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, तिकडे खोलीत सहा जण राहायचे ना, नाव नाही घातलं तर दुसराच खाऊन टाकतो. म्हटलं, अगं पण इथे दुसरं आहे कोण?

"मी आहे ना," सुलभा म्हणाली.

तेव्हा आम्ही दोघी ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हल्ली त्यावर हसत नाही.

भाऊजी तीस वर्षं मस्कतला होते. एका मोठ्या इमारतीच्या एसीची देखभाल त्यांच्याकडे होती. वर्षातून एकदा महिनाभर यायचे. त्या महिन्यात सुलभाच्या घरी गणपती आल्यासारखी धामधूम असायची. सुरमई, कोंबडी-वडे, नवीन चादरी, पाहुण्यांसाठी ठेवलेली काचेची ताटं. नेहा, त्यांची मुलगी, शाळेतून धावत यायची आणि दारातच लाजून उभी राहायची. मग महिना संपायचा, भाऊजी जायचे, आणि काचेची ताटं परत कपाटात जायची. आमच्या कन्नमवार नगरात गल्फवाल्यांची अशी आणखीही घरं होती, त्यामुळे त्यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. सुलभा एकच म्हणायची, एकदा हे कायमचे आले की झालं.

चार वर्षांपूर्वी ते कायमचे आले. म्हणजे सामान आलं, पासपोर्ट कपाटात गेला. माणूस आला की नाही, हा प्रश्न मात्र सुलभाला अजून सुटलेला नाही, आणि तिच्यामुळे मलाही.

लिफ्टमध्ये कुणी विचारलं, काय परब, कसं काय, की भाऊजी म्हणतात, "सुट्टीवर आलोय." पहिले सहा महिने लोक हसायचे. आता नवीन राहायला आलेल्यांना ते खरंच वाटतं, आणि ते बिचारे परत कधी जाणार म्हणून विचारतात. भाऊजी त्यांना म्हणतात, बघू, कंपनी कधी बोलावते. कंपनीने त्यांच्या हातात घड्याळ ठेवून त्यांना निरोप दिला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ते घड्याळ ते रोज हातात घालतात. त्यात अजून मस्कतची वेळ आहे, म्हणून आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ते हटकून दीड तास उशिरा येतात, आणि वर आम्हालाच ऐकवतात की इथे कशाला सिस्टीमच नाही.

'सिस्टीम' हा त्यांचा लाडका शब्द. कचऱ्याला सिस्टीम नाही, पार्किंगला सिस्टीम नाही, पावाला सिस्टीम नाही. पावाला कसली सिस्टीम असते ते मी विचारायला गेले नाही, कारण विचारलं की ते अर्धा तास सांगतात. कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "तिकडे असं केलंत ना, खलास." इथे ड्रायव्हर सिग्नल तोडतो, तिकडे खलास. इथे प्लंबर उद्या येतो म्हणून आठवड्याने येतो, तिकडे खलास. ऐकून ऐकून माझे मिस्टर एकदा वैतागले आणि म्हणाले, एवढी माणसं खलास झाली तर मस्कतमध्ये उरलं कोण? भाऊजींनी यावर गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, मलबारी.

शुक्रवारी त्यांची, तिकडच्यासारखी, साप्ताहिक सुट्टी असते. काम काहीच नसताना सुट्टी कसली, हे विचारायची आमची टाप नाही. शुक्रवारी ते उशिरा उठतात, दाढी निवांत करतात, आणि घरात वॉशिंग मशीन असताना आपले कपडे बादलीत भिजवून हाताने धुतात. बेडरूममध्ये खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत त्यांनी दोरी बांधलीय, तिच्यावर ते वाळत घालतात. सुलभाने गॅलरीतली दोरी दाखवली, तर म्हणाले, नको, ती तुमची आहे. त्यांचे बाकीचे कपडे बॅगेत असतात. कपाटात त्यांच्यासाठी एक अख्खा कप्पा रिकामा करून ठेवलाय, त्यात चार वर्षांत फक्त तो पासपोर्ट जाऊन पडला.

अर्थात, सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की भाऊजींना धुमारे फुटतात. बॅग भरावी ती त्यांनीच. कपड्यांच्या वळकट्या करतात, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून मोज्यात घालतात, कुकरच्या आत डाळ भरतात, डाळीच्या आत शिट्टी खोचतात. हुकाचा काटा घेऊन बॅग एका हाताने उचलतात आणि आकडा न बघताच सांगतात, एक किलो जास्त आहे, गोडा मसाला काढा. आणि तो जास्तच असतो. चौथ्या मजल्यावरची श्रुती कॅनडाला निघाली तेव्हा त्यांनी तिला तासभर समोर बसवून परदेशी कसं राहायचं ते शिकवलं. दुपारी बाहेर पडायचं नाही, डोक्याला ओला रुमाल बांधायचा, मिठाचं ताक प्यायचं, आणि पाण्याची टाकी तापते म्हणून आंघोळीचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवायचं. ती जानेवारीत चालली होती. तिथे बर्फ असतो काका, एवढं तिने सांगून पाहिलं. भाऊजी म्हणाले, बाळा, परदेश म्हणजे परदेश.

पण त्याच दिवशी त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाले, सुट्टीत घरी आलीस की आल्या आल्या बॅग रिकामी कर, आणि लगेच काहीतरी काम मागून घे, भांडी घास, काहीही कर. नाहीतर घरचे तुला बसवून ठेवतात. श्रुतीने मान डोलावली आणि मोबाइल बघायला लागली. मी मात्र काटा आवरून ठेवणाऱ्या भाऊजींकडे बघत राहिले.

कारण त्यांना बसवूनच ठेवलं होतं. सुलभाने तीस वर्षं ते घर एकटीने चालवलं. गॅस, बँक, नेहाची शाळा, सासूचं आजारपण, इमारतीचं रिडेव्हलपमेंट, नेहाचं लग्न, सगळं. आता भाऊजी दार उघडतात तेव्हा इलेक्ट्रिशियन त्यांच्या खांद्यावरून आत बघून विचारतो, ताई नाहीत का? भाऊजी नळ दुरुस्त करायला घेतात, तर सुलभा धावत येऊन म्हणते, तुम्ही कशाला, तुम्ही बसा. तिला त्यांचं करायचंच असतं. तीस वर्षं तिने एवढंच ठरवून ठेवलं होतं, की आले की त्यांना काही करू द्यायचं नाही. मग भाऊजी बसतात. जेवण झालं की आपलं ताट स्वतः धुतात, पुसतात, आणि बेडरूममध्ये आपल्या बॅगेशेजारी नेऊन ठेवतात.

ते आले त्याच्या पहिल्याच महिन्यात एक प्रकार झाला. महिना संपत आला तशी सुलभा रव्याचे लाडू वळायला बसली. परतीच्या वेळी ती दर वर्षी करायची तसे, सहा जणांच्या खोलीला पुरतील एवढे. डबा गच्च भरला, झाकणाला चिकटपट्टी लावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा डबा कुठेच जायचा नाहीये. ती तो घेऊन माझ्याकडे आली. आम्ही आठवडाभर लाडू खाल्ले. एक दिवस खाता खाता ती म्हणाली, "महिनाभर नवरा घरात असला की कसं वागायचं ते मला येतं गं. त्याच्या पुढचं कुणी शिकवलंच नाही."

भाऊजींनाही ते कळत असणार. कारण दुसऱ्या वर्षी ते पुन्हा नोकरी शोधायला लागले. चेंबूरला एका एजंटकडे गेले, अंधेरीला दुसऱ्याकडे गेले, इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या कामाची प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन. दोन्हीकडे त्यांचं वय विचारून चहा पाजला. खोलीतल्या जुन्या सोबत्यांना त्यांनी फोन केला, तर कळलं की ते निघाले त्याच संध्याकाळी त्यांच्या पलंगावर बिहारचा एक मुलगा झोपायला लागला होता. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं. चांगला मुलगा आहे म्हणे, असंही म्हणाले. तिथला पलंग गेला होता आणि इथला आपला वाटत नव्हता. सुलभा सांगते, डबलबेडवर ते अजून एका कडेला, अंग चोरून झोपतात. तीही तिच्या कडेला झोपते. मधे एक माणूस आरामात मावेल.

आणि मग शुक्रवारचं ते सुरू झालं. दर शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की भाऊजी ठेवणीतला शर्ट घालून खाली जायचे, इमारतीच्या मागे पंपरूमच्या पायरीवर बसायचे, कानात इअरफोन घालायचे आणि तासभर बोलायचे. हळू आवाजात, हसत, मान डोलावत. घरात ज्या माणसाच्या तोंडून चार वाक्यं निघत नाहीत तो तिथे पायरीवर हातवारे करून बोलायचा. माझे मिस्टर दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेले होते, त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, तिकडे दुसरा संसार असणार याचा. असतात अशी माणसं.

मी त्यांना झापलं, पण मनात किडा गेलाच. दोन शुक्रवार मी स्वतः गॅलरीत उभी राहिले. असं हसणं माणूस एजंटशी बोलताना हसत नाही, हे मला वरूनही कळत होतं. सुलभाला सांगावं की नाही? तीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईला हे कसं सांगायचं? पण उद्या तिला बाहेरून कळलं तर तिने माझं तोंडही पाहिलं नसतं. तिसऱ्या शुक्रवारी मी मन घट्ट केलं, आणि भाऊजी खाली गेल्यावर तिच्याकडे गेले.

दार उघडंच होतं. सुलभा ओट्याशी कोलंबी सोलत उभी होती, हात भरलेले, आणि फोन स्पीकरवर टाकून मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. नेहाशी बोलतेय असं मला वाटलं. तिने कोपरानेच मला बस म्हणून खुणावलं आणि बोलणं तोडलं नाही.

फोनमधून आवाज आला तो भाऊजींचा. घरात ते दोघं आपसात शुद्ध, बेताचं मराठी बोलतात, बँकेत बोलावं तसं. फोनवर मालवणी होती.

बांगड्याचं तिखलं कसं झालं होतं, असं तिने विचारलं. तासापूर्वी तिनेच वाढलेलं ते, सासूच्या पद्धतीचं. भाऊजी म्हणाले, "बरा लागला. आवशीची आठवण इली."

"मगे जेवताना सांगूचा ना," सुलभा म्हणाली.

"थंय सुचणा नाय."

मी खिडकीतून खाली पाहिलं. पंपरूमच्या पायरीवर भाऊजी बसले होते, ओठ हलत होते, आणि ते शब्द इथे मसाल्याच्या डब्यापाशी ऐकू येत होते. 'थंय' म्हणजे हे घर. तीन मजले वर, स्वतःचं.

मग गुडघ्याचं झालं, नेहाच्या नोकरीचं झालं, सासूच्या श्राद्धाला गावी जायचं की नाही ते झालं. कुठल्यातरी जुन्या गोष्टीवरून सुलभा इतकी हसली की हातातली कोलंबी सिंकमध्ये पडली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी हसायची. सांगायला आणलेलं सगळं मी गिळलं. त्यांचा नवरा-बायकोचा संसार होता तो, आणि तो सगळाच्या सगळा फोनवर होता. तिथेच सुरू झाला होता, तिथेच वाढला होता. घरात एवढ्या जवळून कसं बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी सुलभाने हात धुतले. पदराला पुसता पुसता, अगदी सवयीने, तीस वर्षं प्रत्येक फोन संपवताना विचारायची ते तिने विचारलं.

"कधी येतलात?"

विचारल्यावर तिचे हात पदरातच थांबले. ती माझ्याकडे बघायला लागली. बोललेलं मागे घ्यावं असं तिला वाटतंय असं मला आधी वाटलं. पण तिने घेतलं नाही. ती फोनकडे वळली आणि उत्तराची वाट बघत राहिली, खरीच.

कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज तेवढा दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधूनही आणि खिडकीतूनही.

"सुट्टी गावली की येतंय," भाऊजी म्हणाले.

फोन बंद झाला. सुलभा मला सांगायला लागली, की हे कसं सुरू झालं तेच तिला आठवत नाही. एका शुक्रवारी ते खाली गेले होते, कोथिंबीर आणा म्हणून सांगायला तिने फोन केला, आणि तासभर बोलतच बसले. कोथिंबीर राहिलीच. दुसऱ्या शुक्रवारी ते आपणहून शर्ट बदलून खाली गेले. तिने त्यांना कधी वर या म्हटलं नाही, कारण वर आले की ते बोलणार नाहीत. हे सांगताना तिचा आवाज फुटला नाही. मलाच राग आला, पण तो कोणाचा आणि कोणावर काढायचा ते कळेना. कुणी काहीच चुकलं नव्हतं. दोघांनीही घरासाठीच केलं होतं सगळं.

बेल वाजली. भाऊजींच्या खिशात लॅच की असते, तरी ते बेल वाजवतात. सुलभाने पदर सारखा केला, दार उघडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर खाली घेतली. भाऊजींनी चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"चहा ठेवू?" सुलभाने विचारलं.

"त्रास नसेल तर," भाऊजी म्हणाले, आणि दारापाशीच्या खुर्चीत बसले.