शब्दाचा सांधा आणि आयलर्टचा सोलो

आयलर्टने त्या सकाळी पेन्सिल हातात घेतली नसती, तर त्याचं गाणं गावाने ऐकलं असतं. पण चुकीचा उच्चार कानावर आला की गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हे.

गावच्या फेरीबोटीच्या धक्क्याचा विस्तार झाला होता आणि त्यावर गाणं रचलं होतं. (फ्योर्डकाठच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठच्या, या गावात नवा नळ बसवला तरी गाणं रचतात.) शेवटी 'फेर्गेकाईउतवीदेल्से', म्हणजे धक्क्याचा ('काई'चा) विस्तार, हा जोडशब्द लांबलचक सुरांवर पसरला होता. तो संपला की दोन ओळी एकट्या आयलर्टच्या. गायकवृंदात मागच्या रांगेत केस पिकल्यावर मिळालेला पहिलावहिला सोलो!

"मंडळी 'काई'ची शेपटी पुढच्या शब्दाला चिकटवतात गं," तो बायकोला, गुडनीला, म्हणाला. "शब्दाला सांधे असतात. तू मटण तोडताना वाटेल तिथे सुरी चालवतेस का?"

"आज तुझा सोलो आहे, त्याचं बघ. लोकांचं मटण राहू दे."

ऐकेल तो आयलर्ट कसला! तो आधीच धक्क्यावर पोचला आणि प्रत्येकाच्या गाण्याच्या कागदावर 'काई'नंतर, बरोबर सांध्यावर, एक ठसठशीत खूण करून आला.

आता गायकवृंदात पेन्सिलीच्या खुणेचा अर्थ एकच: इथे श्वास घ्या. सूर तुटू नये म्हणून हिल्दुरने, म्हणजे गाणं बसवणाऱ्या बाईने, प्रत्येकाला श्वासाची वेगळी जागा नेमून दिली होती. आयलर्टला हे चांगलं ठाऊक होतं. पण व्याकरणाचा झटका आला की त्याला बाकी काही सुचत नसे.

आधी नगराध्यक्षबाईंचं भाषण झालं. ते संपेना. पाऊस भुरभुरत होता, टेबलावरून ताज्या वॉफलचा वास येत होता, लोक चुळबुळत होते. मग गाणं सुरू झालं. "फेर्गेकाई..." आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

धक्क्यावर चिडीचूप.

"संपलं एकदाचं!" कोणीतरी म्हणालं. टाळ्या कडाडल्या. नगराध्यक्षबाईंनी फीत कापली, फेरीबोटीने भोंगा दिला आणि गाव वॉफलवर तुटून पडलं. गायकांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि तेही कागद मिटून पळाले.

 आयलर्टने मात्र उरलेला शब्द म्हटला, अगदी शुद्ध. मग आपल्या दोन ओळीही गायल्या. समोर एक समुद्रपक्षी होता. पहिल्या ओळीनंतर तोही उडाला.

तो टेबलापाशी पोचला तेव्हा थाळ्या साफ झाल्या होत्या. गुडनीने त्याच्यासाठी वॉफलच्या चकतीतली बदामाच्या आकाराची एक पाकळी राखून ठेवली होती.

"घे. बरोबर सांध्यावर तोडलीय."

तेवढ्यात हिल्दुर तरातरा आली.

"ती पेन्सिल आहे ना तुझ्याकडे?"

"आहे... हिल्दुर, माझं चुकलंच..."

"अरे, चुकलं कसलं! पुढच्या महिन्यात बोगद्याचं उद्घाटन आहे. तुझ्यासाठी काम आहे."

आयलर्टचा चेहरा फुलला. "सोलो?"

"नाही रे बाबा. नगराध्यक्षबाईंचं भाषण आहे. त्यात दिसेल तिथे खुणा करून ठेव."