दिवेलागणीच्या आतली भाजी

आमच्या कॉलनीतले मुकुंदराव लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरतात. तो बिचारा वांग्याची भाजी वाढायला वाकलेला असतो आणि मुकुंदराव खालून विचारतात, "गाव कोणतं?" वाढपी म्हणतो, "फुलंब्री." मुकुंदराव म्हणतात, "तुझं नाही बाबा, वांग्याचं." वांग्याचं गाव कळलं नाही तर ते वरणभातावर भागवतात, आणि वरणातली तूर कुठली हे विचारायला आचाऱ्याकडं माणूस पाठवतात.

त्यांचा नियम एकच. ज्यानं पिकवलं त्या माणसाला सकाळी माल घेऊन शहरात येता आलं पाहिजे आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचता आलं पाहिजे. यात पिशोर बसतं, वेरूळ बसतं, आमचं देवगाव रंगारी बसतं. जळगावचं केळं बाद, कारण त्याच्या मालकाला रात्र एसटी स्टँडवर काढावी लागेल. सफरचंद तर ते हातातही घेत नाहीत. मिठाला माफी आहे. नारळ देवापुढं फुटतो, देवाची पोच लांबपर्यंत असते म्हणून तोही चालतो. आणि चहाबद्दल विचारलं की म्हणतात, "तो नाइलाज आहे."

मी शेळके. बँकेत आहे. आमच्या किती पिढ्या देवगाव रंगारीच्या मातीत राबल्या ते मला मोजता येणार नाही. आणि आमच्या कॉलनीला बाजरी कशी ओळखायची हे कोण शिकवतं? तर मुकुंदराव. वडील कचेरीत कारकून, आजोबा कचेरीत कारकून, स्वतः कचेरीत कारकून होऊन निवृत्त. जन्म गुलमंडीच्या गल्लीत. या माणसानं आयुष्यात स्वतःची म्हणून एक कुंडीसुद्धा लावलेली नाही. तरी आमची सौ. सुमन मला, शेतकऱ्याच्या पोराला, सांगते, "मुकुंदराव म्हणत होते, बाजरीचं पीठ जरा जुनं झालं की कडू लागतं." हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण मी सांगितलं की ती 'हं' म्हणते आणि मुकुंदरावांनी सांगितलं की शेजारच्या दोघींना फोन करते. माझा जळफळाट होतो, आणि तो मी लपवतही नाही.

सगळं त्यांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपनं झालं. नाव 'आपलं ताट'. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी शनिवारी त्यावर आपल्या भाजीचा फोटो टाकतात. फोटोत शेतकऱ्याचं तोंड दिसलंच पाहिजे आणि मागं विहीर. कॉलनीतली माणसं काय हवं ते कळवतात आणि रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढं टेम्पो लागतो. मुकुंदराव भाजीची चौकशी सोयरीक जमवल्यासारखी करतात. घर कसं आहे, विहिरीला पाणी किती, भाऊ किती वाटेकरी. सगळं पटलं की मान हलवून म्हणतात, "स्थळ चांगलं आहे." मग बायका पिशव्या पुढं करतात.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना ते आवाजी निरोप पाठवतात. मी कान देऊन ऐकलेत. "द्वारकाबाई, तुमची मेथी काल आमच्याकडं आली. गुणी निघाली हो. काही त्रास दिला नाही." आणि पिशोरच्या द्वारकाबाई उलट निरोप पाठवतात, "व्हय काका, जपा तिला." या बाई टेम्पोतून उतरल्या की आधी यांना वाकून नमस्कार करतात. मी शेजारीच उभा असतो. मला म्हणतात, "सरका जरा, पोतं उतरायचंय."

मागच्या दुष्काळात मला संधी आली. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कॉलनीच्या चारी बाजूंनी नवे मजले चढत होते आणि त्यांच्यासाठी टँकर धावत होते. गावाकडं विहिरी तळाला गेल्या. टेम्पोतून हिरवं येणं थांबलं. द्वारकाबाई वाळवलेली गवार आणि हरभऱ्याचा वाळवलेला पाला आणायला लागल्या. मुकुंदराव म्हणाले, "दुष्काळात दुष्काळाचंच खायचं. त्यांच्या ताटात आहे तेच आपल्या ताटात." पहिल्या रविवारी सगळ्यांना हे फार थोर वाटलं. तिसऱ्या रविवारी कुरकुर सुरू झाली. देवळापुढं चार माणसं उरली. मुकुंदराव एकटेच पोतंभर पाला विकत घेऊन घरी गेले.

मी गावी माझ्या चुलतभावाला, रामेश्वरला, फोन केला. वडील गेल्यापासून शेत तोच बघतो. म्हटलं, "ताजी भाजी पाठवशील का?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "पाठवतो की, दादा." त्याच संध्याकाळी मी ग्रुप काढला. नाव ठेवलं 'मातीची नाळ'. सुमन आली नाही. म्हणाली, "एक ग्रुप आहे की." सगळ्यात आधी कोण आलं असेल तर मुकुंदराव. वर हात जोडल्याची खूण. इतका राग मला कशाचाच आला नव्हता.

पण भाजी काय सुरेख आली. ऐन वैशाखात पांढरेशुभ्र फ्लॉवर, टणक टोमॅटो. फोटोत रामेश्वर हसतोय, मागं विहीर. कॉलनी माझ्या दारात लोटली. "शेळकेसाहेब, खरं गाव ते तुमचंच," असं लोक म्हणायला लागले आणि मी 'छे छे' म्हणत ते पुन्हा म्हणवून घ्यायला लागलो. मुकुंदरावही पिशवी घेऊन रांगेत. फ्लॉवर हातात फिरवून म्हणाले, "एकदा घर बघून आलं पाहिजे." ते प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी जाऊन येतात, हे मी विसरलो होतो.

शनिवारी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. रविवारीही. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळं विचारायचं कुणाला? सोमवारी सकाळी रामेश्वरचा फोन आला.

"दादा, तुमचे ते काका आले होते. मुक्कामी होते."

"कशाला?"

"विहीर बघायला."

"मग?"

"मग काय, दादा. विहीर तर संक्रांतीपासूनच कोरडी हाय."

मी म्हटलं, "आणि भाजी?"

"ती मी तुमच्याच जाधववाडीच्या बाजारातून घेतो. पहाटं गाडीवर येतो, घेतो, तुमच्या कॉलनीकडं लावून देतो. फोटो तेवढा शेजारच्याच्या मळ्यात काढतो. त्याच्या विहिरीत बोअरचं पानी हाय."

म्हणजे शहरातली भाजी शहरातच फिरत होती, आणि मी तिच्यावर देवगावची माती दाखवत होतो. "अरे, पण नाही म्हणायचंस ना," मी ओरडलो.

"इतक्या वर्षांनी तुमी कायतरी मागितलं. नाय कसं म्हनू?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रामेश्वरची नाही, माझी काळजी होती. मुकुंदरावांच्या हातात आता सगळं होतं. एक आवाजी निरोप, आणि कॉलनीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांच्या जागी मी असतो तर तो निरोप मी देवगावच्या स्टँडवरूनच पाठवला असता.

मी त्यांच्या घरी गेलो. ते पाला निवडत बसले होते.

"देवगावला गेला होता म्हणे."

"व्हय."

"विहीर पाहिलीत?"

"पाहिली. बांधकाम लई सुरेख आहे. जुनं आहे ना?" मग निवडता निवडताच म्हणाले, "रामेश्वरला आता भाजी नका मागू. पेट्रोल जातं त्याचं."

एवढंच. मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिलो.

"रात्री फ्लॉवरची भाजी होती," ते म्हणाले. "तुमच्या काकूंनी, रामेश्वरच्या आईंनी, केलेली. दोनदा मागून घेतली."

"कुठला होता फ्लॉवर?"

"ते काही मी विचारलं नाही." त्यांनी पाल्यातली एक काडी वेचून बाजूला टाकली. "मी निघालो होतो हो, पाचच्या एसटीनं. काकूंनी पिशवीच लपवून ठेवली. म्हणाल्या, दिवस बुडायला आलाय, आता कुठं जाता? गच्चीवर अंथरूण टाकलं. मी इतक्या घरी जातो, शेळकेसाहेब. चहा देतात, मान देतात, वेशीपर्यंत पोचवतात. पण पिशवी कुणी लपवली नव्हती." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला तुमचा लई हेवा वाटतो. आजचा नाही, पहिल्यापासून. तुम्हाला जायला घर आहे तिथं."

मी तीन वर्षं या माणसावर जळत होतो. आता ते सगळं घेऊन कुठं जावं तेच मला कळेना.

"पोळ्याला तुम्ही जातच असाल," ते म्हणाले. पोळ्याला अजून केवढा अवकाश होता. "मला न्याल का? मी कुणाला अडचण करणार नाही."

मी पोळ्याला गेलो त्याला किती वर्षं झाली ते मलाच आठवत नव्हतं. "जातो की, दरवर्षी," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच रामेश्वरला फोन लावून स्पीकर सुरू केला. "पोळ्याला येतोय रे. मुकुंदरावही आहेत बरोबर."

"आना की," रामेश्वर म्हणाला. "आई कालपासून त्यांचंच नाव घ्यायली. तुमच्यावर चिडली हाय, त्या पाव्हण्याला एकट्याला का लावून दिलं म्हनून."

मुकुंदरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "काकूंना द्या जरा."

काकूला ऐकू कमी येतं. ते मोठ्यानं बोलत राहिले. जेवलात का, गुडघा कसा आहे, टँकर आला का. माझ्या फोनवरून, माझ्या काकूशी. तिच्याशी काय बोलावं हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी पुढ्यातला पाला निवडायला घेतला. मला हेवा वाटत होता, पण फोन परत मागावासा वाटत नव्हता.