सोनूबाईच्या वाडीचं प्रतिकार दल

कोणत्याही संरक्षण यंत्रणेची खरी परीक्षा शत्रू आल्यावर होत नाही, शत्रू येईनासा झाला की होते. मानवी शरीराला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. जालना जिल्ह्यातल्या सोनूबाईच्या वाडीला ते गेल्या उन्हाळ्यात कळलं, आणि कळूनही गावाने ते मनाला लावून घेतलं नाही, हा गावाचा मोठेपणा.

सुरुवात झुंबरबाईंच्या बोटांपासून झाली. झुंबरबाई म्हणजे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष कारभारी यांच्या पत्नी. (समितीमुळे गावातले तंटे संपले नव्हते, पण त्यांना अध्यक्ष मिळाला होता.) रोज सकाळी झुंबरबाईंची बोटं सुजून येत. मूठ मिटत नसे, भाकऱ्या थापायचं काम जावेकडे गेलं होतं. तेवढं त्यांनी सोसलं. पण एकुलत्या एका लेकीचं, तृप्तीचं, वैशाखात लग्न ठरलं आणि बांगड्यांचं माप घ्यायला आलेल्या कासारणीने त्यांचा हात दाबून पाहिला आणि मान हलवली. पेरांवरून बांगडी सरकेना. लेकीच्या लग्नात आईचे हात रिकामे! त्या दिवशी झुंबरबाई चुलीपुढे बसून रडल्या. कारभारी एरवी कुणाच्या रडण्यात पडत नसत, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बायकोला घेऊन जालन्याला गेले.

जालन्याच्या डॉक्टर वर्षाराणी समजावून सांगण्यात हुशार होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी जन्माला येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिथे शिकायला जातात. तिथे त्यांना घरचीच माणसं दाखवतात: ही आपली कातडी, हे आपलं काळीज, हा आपला सांधा. जिला काहीच ओळखता येत नाही ती नापास. जी आपल्याच माणसावर धावून जाते तीही नापास. आणि नापास म्हणजे ऑक्टोबरला पुन्हा बसा असं नाही, तिथल्या तिथे निकाल लावतात. शंभरातल्या पंच्याण्णव अशा जातात. पास झालेल्यांना मग वेगवेगळी कामं मिळतात. काही जणी मारतात, काही हुकूम सोडतात, काही जुना शत्रू वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतात. आणि काहींचं काम एवढंच, की बाकीच्यांना म्हणायचं, ‘पुरे आता.’

“मंग हिला काय झालं?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“यांच्या अंगात ‘पुरे’ म्हणणाऱ्या कमी पडल्या. बाहेरून कुणी आलेलं नाही, तरी फौज यांच्याच सांध्यांवर तुटून पडलीय. मी इंजेक्शन लिहून देते, ते फौजेला शांत करतं. दर पंधरा दिवसांनी घ्यायचं. लग्नापर्यंत एकही चुकवू नका, बांगड्या चढतील. फक्त ते थंड ठेवायचं. उन्हात राहिलं की वाया गेलं.”

कारभारी भारावून गेले. आजार सोडून बाकी सगळं त्यांनी घेतलं. घरी परतताना एसटीत वाटूर मागे पडेपर्यंत त्यांच्या डोक्यात दल तयार झालं होतं.

गरजही होतीच. शिवारातल्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. ग्रामसभेत कारभाऱ्यांनी शरीराची सगळी रचना मांडली आणि ‘ग्राम प्रतिकार दल’ टाळ्यांच्या गजरात स्थापन झालं. भरतीची परीक्षा शास्त्रानुसार झाली. उमेदवारांना शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि गावातली माणसं एकामागून एक समोरून चालवली. आपला माणूस दिसला की बसून राहायचं, एवढाच पेपर.

सुग्रीव समोरून गेला, तसा कारभाऱ्यांचा पुतण्या अंगद उठला. (बांधाचा वाद.) कडूबा गेला, तेव्हा ओट्याची एक बाजू उठली. (ग्रामपंचायतीचं मतदान.) अण्णासाहेब दिसायच्या आधी नुसता त्यांचा खोकला ऐकू आला, तर दोघांनी चपला हातात घेतल्या. शेवटपर्यंत बसून राहिला तो एकटा सांडू. त्याला डुलकी लागली होती.

शरीरात विषय इथेच संपतो. पण छातीतल्या त्या ग्रंथीला चुलते नसतात, तिला पुढच्या वर्षी कुणाची मतं मागायची नसतात आणि तिच्या दारात कुणाची आई येऊन बसत नाही. कारभाऱ्यांनी सर्वांगीण विचार करून सगळ्यांना पास केलं. सांडूला तेवढं वगळलं, उत्साह कमी पडल्याबद्दल.

मग शाखा पडल्या. पाळत शाखेला शिट्टी मिळाली, प्रहार शाखेला काठी. स्मरण शाखेवर गोजरबाईंची बिनविरोध निवड झाली. दुष्काळाच्या साली कुणाच्या शेळीने कुणाची सरकी खाल्ली हे त्यांना शेळीच्या रंगासकट पाठ होतं. (शेळी आता नाही, सरकी नाही, त्यांचे मालकही नाहीत. आठवण मात्र तंदुरुस्त.) राहिली चौथी शाखा.

“पुरे म्हणायला कोण येतं?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“काका, त्याला शिट्टी भेटंल का?” अंगद म्हणाला.

“न्हाई.”

“काठी?”

“न्हाई. त्यानं फक्त मधी उभं राहून ‘राहू द्या’ म्हणायचं.”

“मंग दोन्हीकडून मार त्यालाच बसंल की!”

शंका बरोबर होती. चौथी शाखा रिक्त ठेवून कामकाज सुरू झालं.

दलाचं यश मात्र कुणी नाकारू शकत नाही. चोरांनी वाडीकडे पाठ फिरवली. मोटारी जागच्या जागी राहिल्या. इकडे पहिल्या इंजेक्शनाने झुंबरबाईंची सूज ओसरली, दुसऱ्याने मूठ मिटली. एका सकाळी त्यांनी एक हिरवी बांगडी पेरांवरून अलगद आत सरकवून पाहिली आणि घरभर हात हलवत फिरल्या. कारभाऱ्यांना दोन्ही आघाड्यांवर विजय दिसत होता.

अडचण एकच झाली. चोर येईनात आणि दल भरल्या पोटी बसून राहिलं. काठीला काम नसलं की हात शिवशिवतात. आधी मीटर पाहायला आलेला माणूस धरला. मग आष्टीच्या बाजारातून परतताना नवी टोपी घालून आलेला गावचाच न्हावी धरला. मग पाळत शाखेने प्रहार शाखेचा एक सभासद धरला, कारण तो पाळत शाखेकडे पाहत होता. अशात तक्रार आली की अंगद ओळखीच्यांना सोडतो. कारभाऱ्यांच्या निःपक्षपातीपणाला हे झोंबलं. त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला: यापुढे कुणीही ओळख दाखवायची नाही, ओळखीचा असो, घरचा असो, आधी थांबवायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. अशा बाबतीत वाडीत नेहमीच एकी असते.

लग्न आठवड्यावर आलं होतं. तृप्ती जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होती. ती रजा टाकून आईचं इंजेक्शन घेऊन निघाली. बर्फाच्या पिशव्यांत ठेवलेलं, थर्माकोलच्या डब्यात बंद. भर दुपारी ती फाट्यावर उतरली. उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळलेली. शिट्टी वाजली.

“अंग्या, मी हाय. तृप्ती.”

“दिसून राह्यलं, ताई. पण वळख दाखवायला मनाई हाय.”

“आईचं इंजेक्शन हाय यात. ऊन लागू देऊ नको रे!”

“तसं समदेच म्हणतात.” (याआधी तसं कुणीच म्हटलं नव्हतं.)

डबा उघडण्यात आला. बर्फ संशयास्पद म्हणून रस्त्यावर ओतला. गोजरबाईंना बोलावलं, त्यांना आठवलं की मागे असाच डबा घेऊन एक कुल्फीवाला आला होता आणि नंतर अर्ध्या गावाची पोटं बिघडली. मग तर प्रकरण गंभीरच झालं. निर्णय अध्यक्षांनीच घ्यावा असं ठरलं आणि तोवर उघडा डबा सगळ्यांना दिसेल असा, म्हणजे रणरणत्या उन्हात, मैलाच्या दगडावर ठेवला. तृप्तीने तो दोनदा उचलायला पाहिला, दोनदा काठी आडवी आली. तिने वडिलांना फोन लावला. कारभारी त्या वेळी कुंभार पिंपळगावात ‘आदर्श दल कसे चालवावे’ यावर बोलत होते. शाखांमधल्या समन्वयाचा मुद्दा रंगात आला होता, त्यांनी फोन कट केला.

ते आले तेव्हा ऊन कललं होतं. दलाने त्यांना सलामी दिली.

“काका, बाहेरचा मुद्देमाल धरला. आत सुई निघाली!” अंगद अभिमानाने म्हणाला.

कारभाऱ्यांनी डब्यातल्या इंजेक्शनाला हात लावला. ते तव्यासारखं तापलं होतं. तृप्ती बाजूला खाली बसली होती. बाहेरून गावात आलेलं एकुलतं एक शांत करणारं त्यांच्याच दलाने धरलं होतं, त्यांच्याच ठरावाने. त्यांचं डोकं भणाणलं. त्यांनी अंगदची काठी हिसकावली आणि अंगदवरच उगारली. अंगदच्या बाजूचे पुढे झाले, सुग्रीवच्या बाजूचेही पुढे झाले. बांधाचा वाद निघाला, मतदान निघालं, गोजरबाईंनी शेळी काढली. मधे उभं राहायला कुणी नव्हतं. ती जागा रिक्त होती.

कुणीतरी सांगितलं म्हणून झुंबरबाई घरून चालत आल्या. त्यांनी नवऱ्याच्या उगारलेल्या काठीवर हात ठेवला. धरता येईना, सकाळपासून बोटं पुन्हा फुगू लागली होती, म्हणून नुसताच ठेवला.

“पुरे, अवो. आपलाच हाय त्यो.”

कारभाऱ्यांना एकदम रडू आलं. भर फाट्यावर, दलासमोर, ते रडले.

नवं इंजेक्शन जालन्यात मिळेना, मागवावं लागलं. ते लग्नाला पोचलं नाही. लग्नाच्या सकाळी तृप्तीने हिरव्या बांगड्या लाल दोऱ्यात ओवून आईच्या मनगटांना बांधल्या. फोटोत फरक कळत नाही. झुंबरबाईंना कळत होता, आणि अक्षता टाकताना कारभारी सारखे तिकडेच पाहत होते.

दल आजही आहे. ओळख न दाखवण्याचा ठराव मागे घेतला आहे आणि चौथ्या शाखेत झुंबरबाईंची मानद नेमणूक झाली आहे. शाखेत अजून जागा आहेत. ग्रामसभेत ‘कोण येतं?’ असं विचारलं तेव्हा गावातल्या प्रत्येकाने, कुणाला ‘पुरे’ म्हणून थांबवायला हवं त्याचं नाव हिरिरीने सांगितलं. एकानेही स्वतःचं सांगितलं नाही.

तुमच्याही मनात आत्ता एक नाव आलंच असेल. भावकीतलं, शेजारचं, कदाचित घरातलंच. ते तुमचं स्वतःचं नसेल, तर अभिनंदन: आपण परीक्षा पास झालात. वाटूरच्या रस्त्याने या आणि शिट्टी घेऊन जा.