पॅलिओ भात आणि चांद्याची बदली

एखाद्या शब्दाचा अर्थ माहीत नसेल, तर माणसाने गप्प बसावं. मी डिक्शनरी उघडली. माझ्या हातून एवढंच झालं, बाकीचं आपोआप होत गेलं.

मी जंगल खात्याच्या कचेरीत क्लार्क. कचेरी सिरोंच्याच्या बाजूला, पण गावाचं नाव सांगत नाही (अजून तिथेच नोकरी आहे). उन्हाळ्याच्या तोंडावर चांद्याहून कागद आला, की कलकत्त्याचे भादुडी नावाचे एक पॅलिऑन्टॉलॉजिस्ट इकडच्या नाल्यांत हाडं शोधायला येत आहेत, व्यवस्था ठेवावी. आमचे हेडक्लार्क गुणवंतराव त्या शब्दाशी बराच वेळ झटापट करत होते. शेवटी "नथ्थूभाऊ, हे तुमीच पाहा," म्हणून त्यांनी कागद आणि पाहुणा दोन्ही माझ्या गळ्यात घातले.

मिशनच्या शाळेतल्या मास्तरांकडून मी डिक्शनरी आणली. पॅलिओ म्हणजे प्राचीन. आर्किओ म्हणजेही प्राचीन. दोन्ही मूळचे ग्रीक. इंग्रजांनी शास्त्राच्या शब्दांना पुढून जोडून घेतलेले. हे ज्ञान एकट्याने पचवणं मला जमेना, म्हणून घरी जाऊन बायकोला, कमळाला, समोर बसवलं.

"प्राचीन मंजे?" तिने विचारलं.

"जुनं. लई जुनं."

"मंजे शिळं," म्हणत कमळा चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात पॅलिओ बेसन आणि पॅलिओ भाकर सुरू झाली. शेजारीण बसलेली असताना कमळा खुशाल विचारायची, "अवो, पॅलिओ वरण उरलं आहे, म्हशीले टाकू का?" आणि शेजारणीला वाटायचं, आमच्याकडे काहीतरी इंग्रजी पदार्थ होतो. इज्जत वाढत होती, म्हणून मीही चालू दिलं.

आता कमळाचं माहेर चांद्याचं. पावसाळ्यात नाले भरले की आमचं गाव जगापासून तुटतं, आणि तिला आईच्या आजारपणाची खबरही लागत नाही. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं होतं, चांद्याला बदली. माझे अर्ज मात्र वर कुठेतरी जाऊन झोपत. आणि हे भादुडीसाहेब निघाले चांद्याच्या मोठ्या साहेबांचे जुने वर्गमित्र! पाहुणा खूश झाला, तर काम झालंच.

"असा सयपाक करतो, का साहेब बोटं चाटन," कमळा म्हणाली.

आणि केलाही. नदीची ताजी रोहू, वडे, वाफाळता भात. भादुडीसाहेब पाटावर बसले. गोल चेहरा, जाड चष्मा, स्वभावाने अगदी गरीब. ताट वाढून झालं आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "साहब, आपको हड्डी कैसी लगती है?"

साहेब खुलले. "ताजा हमारे किस काम का? हमको तो पॅलिओ चाहिए, पॅलिओ! जितना पुराना, उतना बढ़िया!"

दारामागून कमळा आली. डोक्यावर पदर, चेहरा गंभीर. तिने साहेबांसमोरचं ताट रोहूसकट उचललं आणि आत नेलं. बाहेर आली ती पितळी वाडगं घेऊन. त्यात रात्रीचा पाण्यात भिजत ठेवलेला भात, मीठ, ठेचलेला कांदा आणि हिरवी मिरची.

मी तिच्यामागे आत धावलो. "हे काय करून राह्यली तू?"

"त्याईनंच मांगितलं ना पॅलिओ! परवाचा असता त तोबी देल्ला असता."

बंगाली माणसासमोरून मासळी उचलून नेणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. चांदा गेलं, असं समजून मी बाहेर आलो. पाहतो तर साहेबांनी चष्मा काढून ठेवला होता.

"पांता भात!" ते पुटपुटले. त्यांची आई लहानपणी असाच शिळा भात द्यायची, आणि ती गेल्यापासून कोणी दिला नव्हता. वाडग्यातलं पाणीसुद्धा त्यांनी तोंडाला लावून संपवलं. मग हात धुताना म्हणाले, "बोलिए, आपके लिए क्या कर सकता हूँ?"

दारामागून कमळा खोकली. आता सरळ सांगायचं होतं, की मी इथला सगळ्यात जुना क्लार्क, मला चांद्याला न्या. पण साध्या 'ओल्ड' शब्दात विद्वानांपुढे काय वजन पडणार? पॅलिओ-क्लार्क म्हणावं, तर त्या शब्दाला आता कांद्याचा वास येत होता. मग आर्किओ घेतलं, आणि बोलताना जीभ अडखळू नये म्हणून त्याचं शेपूट कापलं.

"सर, आय ॲम आर्च-क्लार्क हिअर. ट्रान्स्फर टु चांदा, सर."

"आर्च-क्लार्क!" साहेबांनी माझा हात धरला. "इतना बड़ा आदमी, और इतना सादा! मैं खुद आपके साहब से बोलूँगा." (वयाला एवढा मान बंगालातच असावा.)

कमळाने त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं. उखळ तर शेजारणीला देऊनही टाकलं.

मे संपत आला तेव्हा हुकूम आला. गुणवंतरावांनी तो वाचला, खाली बसले, पुन्हा वाचला.

"नथ्थूभाऊ, म्या त अर्जबी नाई केला, अन् माही बदली चांद्याले! कोनाची किरपा म्हनावं?"

मी तडक मास्तरांकडे गेलो. त्यांनी पान काढून दाखवलं. आर्च म्हणजे मुख्य. आर्चबिशप म्हणजे बिशपांचा हेड. "आर्किओ आन् आर्च, एकाच खानदानातले आहेत," मास्तर म्हणाले, "पण एक म्हातारा झाला, दुसरा साहेब झाला."

हुकमात खाली आणखी एक ओळ होती. नवा माणूस येईपर्यंत हेडक्लार्कचा चार्ज नथ्थू यांनी सांभाळावा आणि गाव सोडू नये.

घरी जाऊन मी कमळाला सगळं सांगितलं. "लई वाईट वाटते," म्हटलं, आणि खरंच वाटत होतं. ती रागावली नाही. फक्त विचारलं, "गुणवंतभाऊ कवा चालले?"

"परवा. ठेकेदाराच्या ट्रकनं."

"मंग मीबी जातो. सामान त बांधूनच आहे."

ट्रकमध्ये गुणवंतराव, त्यांची बायको, त्यांची म्हैस आणि कमळा. मी नाल्यापर्यंत पोचवायला गेलो. रेतीत ट्रक फसला, तेव्हा वरून गुणवंतराव म्हणाले, "नथ्थूभाऊ, जरा रेटा लावा. चार्ज तुमच्याकडं आहे."

मी सगळा जोर लावला. ट्रक निघाला. पलीकडच्या चढावर कमळा ट्रकमध्ये उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून जोरजोरात हात हलवू लागली.  मीही दोन्ही हात वर केले.

"अवो, हात काऊन हालवून राह्यले?" ती ओरडली. "म्हशीचा दोर पडला तिथी, तो घेऊन पळा!"