दुपारचा मुका रेडिओ

"माझं नाक म्हणजे अमेरिकी लष्कराचं गुप्त शस्त्र आहे," निवृत्त कर्नल ऑर्व्हिल पेटिबोन म्हणाले. त्याच नाकाने त्यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली धूळ खोलवर ओढून घेतली आणि मग बराच वेळ शिंकत राहिले.

नोकरीभर कर्नलसाहेबांनी छावणीत चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या पकडल्या होत्या. तेवढ्या पुण्याईवर मुख्यालयाने त्यांना तपासनीस म्हणून रेडिओ बनवणाऱ्या लिनोर हॅस्क्यूच्या गळ्यात बांधलं होतं. लिनोरच्या रेडिओला मनोरा लागत नसे. प्रत्येक जवानाचा रेडिओ दुसऱ्याचा निरोप पुढे पाठवायचा आणि जवान कुठेही हलले तरी निरोप आपला रस्ता आपणच शोधायचा. या जाळ्यात तिने अकरा वर्षं घातली होती. पण चाचणीत रोज दुपारी मधला कुठला तरी एक रेडिओ मुका व्हायचा आणि अर्ध्या पलटणीला उरलेली अर्धी ऐकूच यायची नाही. आज जनरल आर्मिस्टेड स्वतः बघायला आले होते. आज जाळं तुटलं की प्रकल्प बंद.

ऊन चढलं आणि जाळं तुटलं.

"घातपात!" पेटिबोन आनंदाने ओरडले. "वेळ बघा, बाई! हेर उशिरा उठतो, भरपेट न्याहारी करतो, मग कामाला लागतो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, कर्नलसाहेब?"

"मी स्वतः तसाच वागतो."

मग त्यांचा संशय वर घिरट्या घालणाऱ्या गिधाडावर गेला. पंख न हलवता उडतंय, म्हणजे शत्रूचं यंत्रच! गिधाडाने वरूनच त्यांच्या टोपीवर खुलासा केला, तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला.

"मग उरलात तुम्ही," टोपी पुसत पेटिबोन म्हणाले. "यंत्राचा सगळ्यात जास्त राग कोणाला येतो? बनवणाऱ्याला!"

हे मात्र खरं होतं. जनरल सारखे घड्याळ बघत होते.

"छे! घसा सुकला," म्हणत जनरल मधल्या टेकडीवर बसलेल्या किनकॅनन नावाच्या जवानाकडे गेले. त्याच्या शेजारी बर्फाची जुनी पत्र्याची पेटी होती. कोला मिळेल म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत बाटल्यांच्या मधोमध, गळ्यापर्यंत बर्फात, रेडिओ बसला होता. पत्र्याने अडवलेल्या लहरी मोकळ्या होताच तो जिवंत झाला आणि अडकलेले निरोप साऱ्या पलटणीत एकदम बोलू लागले.

"हा काय प्रकार आहे रे?"

"साहेब, मी पडलो मधला. सगळ्यांची बडबड माझ्याच छातीवर बांधलेल्या रेडिओतून जाते. दुपारी यावर अंडं तळून निघेल! म्हणून जरा गार करायला ठेवतो."

"अरे, मग तक्रार नाही का करायची?"

"तक्रार रेडिओवरूनच करायचा हुकूम आहे, साहेब. आणि रेडिओ तर पेटीत."

लिनोरने कपाळावर हात मारला. तिच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं एसी चालू होता.

"यंत्र चांगलं आहे," जनरल तिला म्हणाले. "काम चालू ठेवा. पण पुढच्या वेळी आधी स्वतःच्या छातीवर बांधून दिवसभर उन्हात फिरा."

लिनोरला हसू आलं, पाठोपाठ रडूही आलं, आणि दोन्ही लपवायचं तिला सुचलं नाही.

"माझा पहिल्यापासून आतल्या माणसावरच संशय होता!" पेटिबोन गरजले. "पेटी जप्त! तो पुरावा आहे, कोणीही हात लावायचा नाही!"

लिनोरने पुराव्यातली सगळ्यात गार बाटली उचलली आणि त्यांच्यादेखत एका दमात रिकामी केली.